फाट्यावरचा भाऊ

सुनंदाबाईनं मला फोनवर विचारलं, आखाजी कधी आहे, आणि मी तिला तारीख सांगितली. माझी चूक एवढीच. कुठल्याही फॉर्ममध्ये ती चूक म्हणून दिसणार नाही. तिथं हिरवी खूण आहे.

मी योगराज. धुळ्याला एका ट्रस्टच्या कौटुंबिक सल्ला केंद्रात एकोणीस वर्षं समाजकार्यकर्ता आहे. समाजकार्याची पदवी घेताना पुष्कळ पुस्तकं वाचली, पण बाईचं मन कुठं उघडतं हे मला शिकवलं आखाजीनं. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि त्या दिवशी लेक माहेरी येते. तिला आणायला जो जातो तो मुराळी. भाऊ, भाऊ नसला तर मामा, चुलता, गावातला कुणी मानलेला; पण मुराळी दारात उभा राहिला की सासूला नाही म्हणता येत नाही. वर्षभर ‘पाठवत नाही’ म्हणणारं घर त्या दिवशी मुराळ्याला गुळपाणी देतं आणि सुनेची पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवतं. पोलिसांच्या गाडीला न उघडणारं दार मुराळ्याला उघडतं.

सुनंदाबाईला मुराळी नव्हता. माहेर चोपड्याच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याला. बाप गेलेला, भाऊ झालाच नाही, केळीच्या बागांत रोजानं जाणारी एकटी आई. सासर नरडाण्याजवळ, फाट्यावरून आत पाऊण कोस. नवरा जीवराम तिथल्या एका कारखान्यात पाळीवर जायचा.

पहिल्यांदा केंद्रात आली तेव्हा मनगटाला पट्टी होती. दीड तास बसली आणि दीड तासात एकच बोलली, “बठ्ठं बरं शे, भाऊ.”

सगळं बरं आहे. माझ्या वहीत मी लिहिलं : ‘बठ्ठं बरं शे — म्हणताना पदराचं टोक सात वेळा बोटाला गुंडाळलं.’

मग मुराळ्याविषयी सहज विचारलं, “आखाजीले कोण येस तुले लेवाले?”

पदर तिथंच थांबला. “कोनी नही. आठ वरीस व्हयनात.”

त्या आखाजीला मी गेलो. हातात नवं लुगडं, खांद्यावर उपरणं, कपाळाला गंध. सासू दारातच म्हणाली, “हा कोन वं नवा भाऊ?” सुनंदाबाई आतून म्हणाली, “मना धर्मना भाऊ शे.” जीवराम गुरगुरला, पण गल्ली बघत होती. पिशवी बाहेर आली.

नरडाण्याहून अमळनेरपर्यंत रेल्वे, तिथून चोपड्याची एस.टी. अमळनेर गेलं तरी गप्प. खिडकीतून ऊन मांडीवर पडत होतं, ते ती हातानं झटकत होती. तापीच्या पुलावर गाडी आली आणि तिनं तोंड उघडलं. खाली पाणी थोडं, वाळू फार. तिचं बोलणं तसंच, थोडं थोडं, मध्ये कोरडी वाळू. मनगट कसं मोडलं. त्याच्या आधी काय मोडलं. मी मान हलवली नाही की काही विचारलं नाही. मुराळी विचारत नसतो.

तिच्या आईच्या दारातल्या निंबाला झोका बांधलेला होता. सुनंदाबाई झोक्यावर बसली आणि अशी गायली की आई हातातलं लाटणं घेऊन दारात आली :

निंबले बांधा झोका, झोका जास वरवर,
तठून दिसस माय मनी, तठून दिसस घर.

अशा तीन आखाज्या झाल्या. पहिल्या वर्षी तिनं सांगितलं. दुसऱ्या वर्षी सासूला समोर बसवून आम्ही बोलणी केली, मारहाण थांबली, म्हणजे आठ महिने थांबली. तिसऱ्या वर्षी पुलावरच म्हणाली, “भाऊ, येक आखाजीले मी परत जावाव नही. आजून हिंमत नही. व्हई तव्हय तुमले सांगसू.” एखाद्या आखाजीला मी परत जाणार नाही, हिंमत झाली की तुम्हाला सांगेन. मी वहीत तेवढंच लिहिलं आणि खाली रेघ मारली.

मग टॅब आला.

तो चेलनानं आणला, आणि तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. जळगावच्या मारवाडी जैन घरातली मुलगी, वडिलांचं कापडाचं दुकान, पुण्याला शिकून मुख्य कार्यालयात कार्यक्रम अधिकारी म्हणून आली. पहिल्याच भेटीत धुळ्याचं कपाट उघडून बसली. माझ्या आधीच्या कार्यकर्त्या बाईंच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. त्यांत नोंदलेल्या बायकांपैकी एकीचंही पुढं काय झालं हे कुणालाच माहीत नव्हतं.

“योगराजसर, उद्या तुम्ही गाडीवरून पडलात तर ह्या बायकांना कोण ओळखणार?” ती म्हणाली. “तुमचं अक्षर?”

“माझं अक्षर मलाच लागत नाही,” मी म्हणालो. ती हसली नाही.

“एकशे चाळीस केसेस आहेत तुमच्याकडे. आखाजीला किती जणींना नेता?”

“अकरा. दोन-तीन दिवस आधीपासून जातो, मागून जातो…”

“आणि उरलेल्या?”

 

म्हणून सगळ्यांना सारखं आलं. प्रत्येक बाईला तिसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी फोन. नऊ प्रश्न, हो किंवा नाही. शेवटी एकूण स्थिती : समाधानकारक, सुधारणा आवश्यक, धोकादायक. ओळीनं तीनदा ‘समाधानकारक’ पडलं की केस आपोआप बंद, ‘समेट यशस्वी’, आणि केंद्राला गुण. बंद केसच्या घरी भेट नोंदवता येत नव्हती, पर्यायच दिसायचा नाही. घरभेटीला फोटो लागायचा, ठिकाणासकट. उपरणं घातलेला भाऊ दारात उभा राहून फोटो काढायला लागला की तो भाऊ राहत नाही, हे मी एकदा बैठकीत बोललो. चेलनानं लिहून घेतलं. पुढच्या सुधारणेत बघू म्हणाली. तिनं खरंच बघितलं असतं.

मला तोंडानं पुटपुटायची खोड आहे. पडद्यावर जे दाबतो ते ओठांवर येतं. “मारहाण… नाही. उपाशी ठेवणं… नाही. एकूण… समाधानकारक.” बायकांना ते फोनवर ऐकू जात असणार, हे माझ्या कधी मनात आलं नाही.

सुनंदाबाईचा तिसरा फोन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाला. त्या दिवशी माझे चोवीस फोन होते, हा सतरावा. तिच्यामागं टीव्हीवर क्रिकेटची मॅच चालू होती आणि एक पुरुष खोकत होता.

“गेल्या तीस दिवसांत मारहाण झाली का?”

“नही.”

“घराबाहेर जायला मज्जाव?”

“नही.”

नऊही झाले. आवाज सपाट, चाळणीतून गेल्यासारखा. मग ती थांबली. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ धावत होता, सहा मिनिटं चाळीस सेकंद. सातला कडेचा रंग लाल होतो.

“भाऊ,” ती म्हणाली, “आखाजी कव्हय शे औंदा?”

“तीस तारखेला. बुधवारी.”

“बुधवारे,” ती म्हणाली. “बरं.”

मी शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं : ‘लाभार्थीची सणाविषयी विचारणा.’ आणि दाबलं, “समाधानकारक.” पडदा हिरवा झाला. समेट यशस्वी. मी पाणी प्यायलो आणि अठरावा फोन लावला.

तीस एप्रिलला ट्रस्टनं जळगावला मूल्यमापनाची बैठक ठेवली. तपासायला आलेले पाहुणे बाहेरचे, आणि सरकारी सुट्ट्यांच्या यादीत आखाजी नाही. ह्या वर्षी उपरणं घरीच ठेवून मी सकाळच्या एस.टी.नं धुळ्याहून निघालो. पारोळ्याला गाडी भरली. नव्या लुगड्यांच्या घड्या, मेंदीचे हात, मांडीवर पिशव्या, आणि प्रत्येकीच्या बाजूला एक मुराळी, टोपी सावरत, भाव खात. एकीनं भावाला दटावलं, “औंदा इतली उशिरा का उना रे, मी पहाटपाईन तयार शे!” गाडी हसली. मीही हसलो. सुनंदाबाई आठवली, नाही असं नाही. पण तिची केस हिरवी होती. वाटलं, बरी असेल, ह्या वर्षी तिला लागत नसेल.

दुपारी तीनला चेलनानं भिंतीवर आमच्या केंद्राची माहिती लावली. शंभरात चौऱ्याण्णव. पाहुणे खुश. नमुन्यादाखल तिनं एक नोंद उघडली, नाव झाकलेलं. “हे बघा, धुळ्याची नोंद. तिन्ही वेळा समाधानकारक. बाई इतकी मोकळी झालीय की शेवटी ती सणाची चौकशी करते, आखाजी कधी आहे म्हणून. सामाजिक सहभाग वाढल्याचं हे लक्षण.”

अकबरीआपा चहा घेऊन आत आल्या होत्या. मुख्य कार्यालयात त्या कित्येक वर्षं चहापाणी बघतात. कप ठेवता ठेवता खुदकन हसल्या.

“अय्या, ये कौनसी बाई है? खानदेश की बाई पूछेगी, आखाजी कब है?”

“का हो आपा?” चेलनानं विचारलं.

“बेटा, होळी हुई के हमारी गल्ली की लडकियां दिन गिनने लगती हैं। मैं मुसलमान, मेरे को मालूम रहता। तारीख वो नहीं पूछ रही। भाई को बोल रही, लेने आ।” मग माझ्याकडे बघून त्यांचं हसू गेलं. “योगराजभाऊ, चाय पडी तुम्हारी।”

चहा माझ्या टॅबवर सांडला होता आणि मी उभा होतो.

हिंमत झाली की सांगेन. तिनं सांगितलं होतं. नवरा शेजारी बसलेला असताना, नऊ प्रश्नांच्या शेवटी, तिला जेवढ्या शब्दांत सांगता आलं तेवढ्यात. आणि मी, अहिराणी आईच्या दुधाबरोबर प्यालेला, तीन वर्षं तिच्या दारात उपरणं घालून उभा राहिलेला माणूस, तिला कॅलेंडर वाचून दाखवलं.

त्याहून वाईट ते मला जिन्यात कळलं. मी तारीख दिली होती. तिनं विचारलं, लेवाले येशात का, न्यायला याल का. मी म्हणालो, बुधवारी.

स्टेशनवर धावलो. सुरतेकडे जाणारी पॅसेंजर मिळाली. धरणगाव, अमळनेर. अमळनेरला बहिणी उतरत होत्या, भावांच्या हातात त्यांच्या पिशव्या. माझे हात रिकामे होते, लुगडं नव्हतं, उपरणं नव्हतं, गळ्यात ट्रस्टचं ओळखपत्र लोंबत होतं. नरडाण्याला उतरलो तेव्हा सूर्य कलला होता. रिक्षानं फाट्यावर आलो.

फाट्यावर एक निंब आहे. त्याच्या बुंध्याशी मातीत बसल्याची जागा गुळगुळीत झाली होती. बाजूला पिशवी टेकवल्याचा चौकोन. पानटपरीवाला रतिलाल मला चेहऱ्यानं ओळखायचा.

“कोनले पाहतस, भाऊ?”

“जीवरामची बायको…”

“व्हती ना. सकायपाईन व्हती. मी म्हटलं, बाई, उन्हात का बठनी, टपरीमा ये. ते म्हने, भाऊ येवाव शे, त्याले दिखनू पाहिजे.” भाऊ येणार आहे, त्याला मी दिसायला हवी. त्यानं चुना मळता मळता रस्त्याकडे बघितलं. “साडेतीनले जीवराम पाळीवरून उना. तेनी पिशवी उघाडी.”

“मग?”

“मंग काय. लुगडा दोन, आनि खाले बठ्ठा कागद. आधार, शाळाना दाखला, बँकनं पुस्तक.” रतिलाल हळू बोलला. “चार दिनना माहेरले कोनी दाखला लिसन जास का?”

नाही नेत. चार दिवसांच्या माहेराला दाखला कुणी नेत नाही. जीवरामला ते कळलं, पानवाल्याला कळलं.

पाऊण कोस मी चालत गेलो. दारात सासू तांदूळ निवडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, “उना वं माय! फाटावरना भाऊ उना! आते दिन बुडाले उना, सकाये कोठे व्हता बा?”

शेजारच्या ओट्यावर कुणीतरी हसलं. म्हणजे तो शब्द दुपारपासून गल्लीत फिरत होता. फाट्यावरचा भाऊ. तिला मुलखात नसलेला भाऊ.

जीवराम खाटेवर बसला होता, शांत. “या, साहेब. चौकशी कराले उनात? करा.”

सुनंदाबाई आतून पाणी घेऊन आली. लुगडं तेच, तिसऱ्या वर्षी मी नेलेलं, हिरवं. केसांत सकाळचा गजरा सुकला होता. डावा गाल सुजलेला, आणि मी हाक मारली तर तिनं मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला.

“चल,” मी म्हणालो. “आता चल. मी उनू ना. हा अडवणार असेल तर मी इथूनच पोलिसांना फोन करतो.” जीवरामला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणालो.

तिनं तांब्या माझ्या हातात दिला. बोटाला बोट लागू दिलं नाही.

“तुम्हीनच तारीख सांगी ना,” ती म्हणाली. “माले वाटनं, भाऊ यी. पाच गाड्या गयात. परतेक गाडीले उभी ऱ्हायनू.”

“चुकलं माझं. सुनंदाबाई, माझं चुकलं…”

“नही, साहेब.”

साहेब.

तीन वर्षांत तिनं मला ‘तुम्ही’ म्हटलं असेल, कधी चुकून ‘तू’ म्हटलं असेल. साहेब कधी म्हटलं नव्हतं. सासूला काही कळलं नाही, जीवरामला कळलं नाही. तिला आणि मला कळलं.

“पोलिसले बलाडू नका. ते येतीन, जातीन. तुम्हीबी जाशात. मी आठेच ऱ्हासू.” मी इथंच राहीन. मग तिनं आवाज सपाट केला, फोनवरचा. “लिखी ल्या. मारहाण, नही. उपाशी, नही. आनि शेवट ते काय म्हनतस तुम्ही, फोनवर? समाधानकारक. ते लिखा.”

मी लिहिलं नाही. फाट्यावर परत येऊन निंबाखाली, तिच्या जागेवर बसलो आणि चेलनाला फोन केला. ती ऐकत राहिली. मध्येच तिनं नाक ओढल्याचा आवाज आला. केस पुन्हा उघडावी लागेल, ती म्हणाली, आणि तिनं तिथूनच उघडली. माझ्या टॅबवर कारण निवडायला यादी आली : नवी तक्रार, पत्ता बदल, तांत्रिक चूक.

“सर, मी प्रश्न घालते फॉर्ममध्ये,” ती म्हणाली. “आखाजीला न्यायला कुणी येणार आहे का? हो, नाही. सगळ्या बायकांना. एकशे चाळीसही जणींना.”

“घाल,” मी म्हणालो.

“चांगला आहे ना प्रश्न?”

“चांगला आहे. फक्त उत्तर देताना नवरा शेजारी असेल.”

मी ‘तांत्रिक चूक’ निवडलं.

त्यानंतर मी महिन्यातून दोनदा नरडाण्याला जातो. पुन्हा उघडलेल्या केसला भेट नोंदवता येते. सरकारी दवाखान्यात नेऊन तिचा कान दाखवला. डाव्या बाजूनं आता फारसं येणार नाही, डॉक्टर म्हणाले. तक्रार द्यायची का, मी दर वेळी विचारतो, आणि ती दर वेळी पाणी आणून देते. तिचे कागद जीवरामच्या पेटीत आहेत. दाखल्याची दुसरी प्रत मी चोपड्याच्या शाळेतून काढून आणली, माझ्या कपाटात ठेवली आहे, असं एकदा तिच्या उजव्या कानाशी सांगितलं. तिनं ऐकलं. पदराला हात लावला नाही.

नव्या फॉर्ममध्ये दहावा प्रश्न आला आहे. आखाजीला अजून पुष्कळ अवकाश असतानाही तो विचारावा लागतो, ओलांडून पुढं जाता येत नाही. मागच्या फोनला मी तिला तो विचारला. टीव्ही चालू होता, कुणीतरी खोकत होतं.

“आखाजीला न्यायला कुणी येणार आहे का?”

ती इतका वेळ गप्प राहिली की कडेचा रंग लाल झाला. होऊ दिला. ह्या वेळी मी ओठ मिटून बसलो होतो.

“आखाजी कव्हय शे, साहेब?” ती म्हणाली.

आणि मला अजून ठरवता आलेलं नाही, तिनं मला बोलावलं की टोमणा मारला. मी तारीख सांगितली नाही. “मी येसू,” म्हणालो. पलीकडे फोन आधीच ठेवला होता, का तिनं तो डाव्या कानाला धरला होता, कोण जाणे.